जांबचा नारायण

आपल्या घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी १६०८ साली रामनवमीला सूर्याजीपंत व राणूबाई ठोसर यांच्या पोटी नारायणाचा जन्म झाला. हेच पुढे समर्थ रामदास झाले. भर लग्नमंडपातून ते निघून गेले, असे परंपरा सांगते. नाशिकजवळ टाकळीस बारा वर्षे तप करून पुढे बारा वर्षे त्यांनी देश पाहिला. खचलेली माणसे पाहून त्यांनी कृष्णेच्या परिसरात गावोगाव मारुती स्थापिले व बलोपासना शिकविली. प्रयत्नालाच त्यांनी देव मानले. बालविधवा वेणाबाईंना कीर्तनाचा अधिकार देऊन मिरजेचा मठ सोपविला. त्यांचे वर्णविषयक विचार आज पटणार नाहीत. परंतु वीस दशकांच्या दासबोधात लेखणी कशी तासावी, अक्षर कसे घोटावे, हेही सांगणारा हा संत होता. १६८२ साली सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांचा अजून अंगठाच उठतो. माणूस जन्मतः उणा नसतो, त्याला घडविणारे कुणी भेटत नाही, एवढेच. मित्रहो, जांबला नुसता नमस्कार करून परतू नका. येताना कुणाला तरी चार अक्षरे शिकवा.