विश्लेषण : विश्वेश्वरय्यांचं खान्देश कनेक्शन काय? पांझराकाठच्या पाण्यातून आज काय शिकायचं?

दरवर्षी १५ सप्टेंबरला देशात अभियंता दिन साजरा होतो. हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस. त्यांचं नाव निघालं की म्हैसूरजवळचं कृष्णराजसागर धरण आठवतं. पण त्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं खान्देशात, पांझरेच्या खोऱ्यात गेली. हीच पांझरा पुढे अमळनेर तालुक्यातल्या मांडळ, मुडी या गावांजवळून वाहत तापीला मिळते. पाणी अडवण्याइतकंच ते वाटणंही महत्त्वाचं आहे, हे त्यांच्या कामातून पुन्हा पुन्हा दिसतं. अमळनेरसाठी हा विषय आजही जुना झालेला नाही.

धुळ्यात ते कसे आले?

विश्वेश्वरय्यांचा जन्म कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले, घरची परिस्थिती बेताची. बंगळूरला शिकवण्या घेत त्यांनी १८८१ मध्ये बी. ए. केलं. म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचं सीओईपी) आले आणि १८८३ मध्ये इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले. १८८४ मध्ये मुंबई सरकारने त्यांना असिस्टंट इंजिनिअर म्हणून नेमलं. नाशिकनंतर त्यांची खान्देशात बदली झाली. तेव्हा खान्देश हा एकच जिल्हा होता आणि मुख्यालय होतं धुळे. पूर्व आणि पश्चिम खान्देश ही विभागणी १९०६ ची. म्हणजे त्या काळी अमळनेरही याच जिल्ह्यात होतं.

पांझरेवर त्यांनी काय केलं?

पांझरेच्या एका पाटाच्या वाटेत ओढा आडवा येत होता. पाणी पलीकडे नेण्यासाठी तिथे पाइपचा सायफन बांधायचा होता. यात पाइप ओढ्याच्या तळाखालून जातो. पाणी एका बाजूने खाली उतरतं आणि दुसऱ्या बाजूने वर येतं. बाहेर पडण्याचं तोंड आत शिरण्याच्या तोंडापेक्षा थोडं खाली ठेवलं की पंपाची गरज पडत नाही.

पावसाळ्यात पुरामुळे काम अडलं. ते पुढे ढकलावं, असं तरुण विश्वेश्वरय्यांनी कळवलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही. मग त्यांनी जिद्दीने काम पूर्ण करून दाखवलं. साक्री तालुक्यातल्या दातर्तीचा सायफन त्यांच्या नावाने ओळखला जातो.

फड पद्धत म्हणजे काय?

ते खान्देशात आले तेव्हा पांझराकाठी शेतकऱ्यांची स्वतःची एक व्यवस्था शेकडो वर्षांपासून चालू होती. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे साधारण तीन-चार मोठे भाग. हा प्रत्येक भाग म्हणजे फड. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यायचं. यंदा एका फडात ऊस असेल तर पुढे तो दुसऱ्या फडात. पाणी सोडण्याचं काम पाटकऱ्याचं, पाटाची साफसफाई सगळ्यांनी मिळून करायची. पाऊस कमी झाला तर कोणता फड कोरडा ठेवायचा, हे गाव ठरवणार.

अशा व्यवस्था जगात इतरत्रही आहेत. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात शेतकऱ्यांचं पाणी न्यायालय दर गुरुवारी बसतं. बालीत भातशेतीचं पाणी 'सुबक' नावाच्या संघटना वाटतात. या दोन्हींना युनेस्कोची मान्यता आहे.

ब्लॉक पद्धत का आणली?

खान्देशनंतर त्यांनी सिंधमधल्या सक्करला पाणीपुरवठ्याचं काम केलं. तिथे गाळणी यंत्रणेला पैसे नव्हते. नदीपात्रात विहीर घेऊन वाळूतून नैसर्गिकरीत्या गाळलेलं पाणी त्यांनी शहराला दिलं.

पुढे ते पुण्यात आले. नीरा कालव्यावर उसाला भरमसाट पाणी दिलं जात होतं. काही जमिनी पाणथळ होत होत्या आणि अनेक गावांना पाणी पोहोचतच नव्हतं. त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. ठरावीक क्षेत्राचा एक ब्लॉक, त्याच्या साधारण एक तृतीयांश भागात ऊस आणि उरलेल्या भागात कमी पाण्याची पिकं, तीही आलटून-पालटून. आधी बागायतदारांनी विरोध केला. शेतकऱ्यांशी चर्चा करून पद्धत लागू झाली. पांझरेच्या फडाशी तिचं साम्य सहज लक्षात येतं. फरक एवढाच की फडाचे नियम गाव ठरवत होतं, ब्लॉकचे सरकार.

पुढे कुठे काम केलं?

खडकवासल्याला त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीवर गेलं की ते आपोआप उघडतात, उतरलं की बंद होतात. यामुळे धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुरात हैदराबादेत हजारो लोक गेले. त्यानंतर पूरनियंत्रणाची योजना त्यांनी आखली. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, १९१२ ते १९१८ दिवाण होते. कृष्णराजसागरचं काम १९११ मध्ये सुरू झालं. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. वयाची शंभरी गाठून एप्रिल १९६२ मध्ये त्यांचं निधन झालं.

अमळनेरशी आज काय संबंध?

नैसर्गिक साधनसंपत्तीचे ढोबळ दोन प्रकार. कोळसा, पेट्रोल वापरलं की संपतं. पाणी, जंगल, माती पुन्हा भरून येतात, पण भरून येण्याच्या वेगापेक्षा जास्त उपसा झाला की तीही संपतात. पाणी दरवर्षी पावसातून येतं, म्हणून ते अमर्याद वाटतं. प्रत्यक्षात एका वर्षात मिळणारा वाटा ठरलेला असतो.

अमळनेर तालुक्यात तापीवरचं पाडळसरे धरण दोन दशकांहून अधिक काळ रखडलेलं आहे. पांझराकाठच्या गावांना उन्हाळ्यात वरच्या अक्कलपाडा धरणातून आवर्तन सुटण्याची वाट पाहावी लागते. पाणी सुटलं तरी ते शेवटच्या गावापर्यंत पोहोचेल का, हा प्रश्न उरतोच. धरण पूर्ण झालं तर साठा वाढेल. मात्र हेडला किती आणि टेलला किती, उसाला किती आणि बाकीच्या पिकांना किती, हे वेगळं ठरवावंच लागेल. नीरेवर विश्वेश्वरय्यांपुढे हाच प्रश्न होता. पांझराकाठच्या फडांनी त्याचं उत्तर त्याआधीच आपल्या पद्धतीने दिलं होतं.