तुकोबारायांचा एकांत आणि घरचा हिशेब

तुकोबारायांचा एकांत म्हटला की भाविकांच्या डोळ्यांपुढे भंडाऱ्याचा डोंगर उभा राहतो. पण तिथे आसन घालण्याआधी महाराजांनी घरी काय आवरले, हे कीर्तनांतून आम्हांस क्वचितच ऐकावयास मिळते. म्हणून आज तेवढेच सांगतो.

महाराजांचा जन्म परंपरेने १६०८ सालचा मानतात. बोल्होबा आणि कनकाई यांच्या पोटी, देहूस, महाजनकी आणि सावकारी असलेल्या घरात. मायबाप लवकर गेले. थोरले बंधू सावजी बायको वारल्यावर तीर्थाटनास निघून गेले, आणि दुकान, देणेघेणे, धाकटा कान्होबा, सारे मधल्या तुकोबांच्या अंगावर आले. त्यात १६२९ ते १६३१ चा दुष्काळ. धंदा बसला, पहिली पत्नी रखमाबाई गेली, लहानगा संतूही गेला. दुःख झाले की माणूस लगेच देवाकडे वळतो असे सांगण्याची चाल आहे. आम्हांस ते पटत नाही. आधी तो नुसता थकतो.

चरित्रकार सांगतात की महाराज एके दिवशी भामचंद्राच्या डोंगरावर निघून गेले. पंधरा दिवस नामस्मरणात गेले, साक्षात्कार झाला. पण इकडे देहूस काय चालले असेल? जिजाई घरात, उंबऱ्याशी येणारजाणारे विचारताहेत, आणि कान्होबा भावाला हुडकीत रानोमाळ हिंडतो आहे. अखेर तो डोंगरावर पोचला, आणि दोघे भाऊ खाली आले.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. इंद्रायणीच्या काठी महाराजांनी घरची सावकारीची खते मागवली. लोकांकडून येणे असलेल्या त्या कागदांचे दोन वाटे केले. अर्धा कान्होबाच्या हाती दिला, कारण त्याला संसार करायचा होता. उरलेला अर्धा, आपला स्वतःचा, डोहात सोडला. कीर्तनकार बुवा डोहाचे वर्णन रंगवून करतात, पण भावाचा वाटा आधी बाजूला काढला हे वाक्य घाईघाईने उरकतात. आमच्या मते सगळे वजन त्या वाक्यात आहे. वैराग्य आपले होते, तर तोटाही आपलाच; दुसऱ्याच्या ताटातले उचलून दान करायचे नाही. आणि दुष्काळाने पिचलेली कुळे मोकळी झाली ती वेगळीच.

मग विठ्ठलाच्या पडक्या देवळाची दुरुस्ती झाली, पूर्वीच्या संतांची वचने पाठ झाली, कीर्तन सुरू झाले. एकांतासाठी भंडारा होता. दिवस डोंगरावर, रात्री गावात देवापुढे. लोकांसाठी उभे राहणाऱ्याला स्वतःसाठी बसायला जागा लागतेच.

कुणी म्हणेल, मग सगळे जमले की! नाही हो. जिजाईचे काय? पुण्याच्या गुळव्यांची ती लेक, सुखवस्तू घरातून आलेली. भाकरी बांधून ती डोंगर चढे, आणि धनी जेवल्याशिवाय आपण जेवत नसे. काट्याची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. विठोबाला ती शिव्या देई म्हणून मंडळी हसतात. आम्हांस हसू येत नाही. खतांचा अर्धा वाटा पाण्यात गेला तो तिच्या चुलीचाही होता, आणि तिला कुणी विचारल्याचे चरित्रांत आढळत नाही. महाराजांच्या एकांताची भाकरी तिने थापली. ती वर पोचली नसती तर काय झाले असते, याचा विचार वारीला निघताना पेरणी आणि गोठा घरच्या माणसांवर टाकून येणाऱ्या आपण सर्वांनी करावा.

१६५० साली महाराज गेले तेव्हा जिजाई गरोदर होती. तो मुलगा म्हणजे नारायणमहाराज. १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत घालून, आळंदीहून माउलींच्या पादुका बरोबर घेऊन, पंढरीची वाट धरली ती त्यांनीच.