विश्लेषण : उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडला, पृथ्वी गोल असल्याची पैज जिंकली, तरीही आल्फ्रेड वॉलेस यांच्या पदरी मनस्तापच का आला?

उत्क्रांती म्हटले की चार्ल्स डार्विन यांचेच नाव समोर येते. मात्र नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त दोघांनी स्वतंत्रपणे शोधला होता. त्यातील दुसरे आल्फ्रेड रसेल वॉलेस. जंगलात पुरावे गोळा करण्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. पण पुरावा समोर ठेवला की माणसे तो मानतातच असे नाही, याचा अनुभव त्यांना पृथ्वी सपाट आहे असे मानणाऱ्या एका गृहस्थाने दिला. पुढे ते स्वतःही त्याच सापळ्यात अडकले.

वॉलेस कोण होते?

वॉलेस यांचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील उस्क गावाजवळ झाला. घरची परिस्थिती खालावल्याने वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली. मोठ्या भावाच्या हाताखाली त्यांनी जमिनीच्या मोजणीचे काम शिकले. १८४४ मध्ये ते लेस्टरला शिक्षक झाले. तिथे हेन्री बेट्स या तरुणाने त्यांना भुंगे जमवण्याचा नाद लावला. एका लहानशा परिसरात भुंग्यांचे इतके प्रकार कसे, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला. डार्विन यांच्याप्रमाणे घरची श्रीमंती किंवा विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. प्राणी-पक्ष्यांचे नमुने गोळा करायचे, ते लंडनमधील एजंटामार्फत संग्राहकांना विकायचे आणि त्या पैशांवर पुढचा प्रवास करायचा, हे त्यांचे गणित होते.

पहिल्या मोहिमेत काय घडले?

१८४८ मध्ये वॉलेस आणि बेट्स ब्राझीलला गेले. ॲमेझॉनच्या खोऱ्यात वॉलेस यांनी चार वर्षे काढली. मदतीला आलेला धाकटा भाऊ हर्बर्ट १८५१ मध्ये पीतज्वराने दगावला. १८५२ मध्ये मायदेशी परतताना 'हेलन' या जहाजाला भर अटलांटिकमध्ये आग लागली. बरोबरचे नमुने आणि बहुतेक टिपणे जळून गेली. खलाशांसह वॉलेस दहा दिवस उघड्या होड्यांमध्ये होते. त्यानंतर एका जहाजाने त्यांना वाचवले. एजंटाने नमुन्यांचा विमा उतरवून ठेवला होता, म्हणून ते पूर्ण कफल्लक झाले नाहीत. दोनच वर्षांत ते पुन्हा समुद्रावर होते. या वेळी दिशा होती आजच्या मलेशिया-इंडोनेशियाची.

'वॉलेस रेषा' म्हणजे काय?

१८५४ ते १८६२ या आठ वर्षांत त्यांनी बेटाबेटांवरून सुमारे १४ हजार मैल प्रवास केला आणि १ लाख २५ हजार ६६० नमुने जमवले. त्यात एकट्या भुंग्यांची संख्या ८३ हजारांहून अधिक होती. अली हा मलय तरुण या कामात त्यांचा प्रमुख साथीदार होता.

१८५६ मध्ये बालीहून लोम्बोक बेटावर गेल्यावर त्यांना विलक्षण फरक जाणवला. दोन्ही बेटांमधील सामुद्रधुनी २० ते ४० किलोमीटर रुंद. तरीही बालीत दिसणारे सुतारपक्ष्यांसारखे आशियाई पक्षी पलीकडे गायब होते. लोम्बोकमध्ये ऑस्ट्रेलियाशी नाते सांगणारे काकाकुवा होते आणि मातीच्या ढिगात अंडी पुरणारे पक्षी होते. हवामान सारखे असूनही प्राणी वेगळे, याचा अर्थ भूभागांचा इतिहास वेगळा असला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने खाली गेली तेव्हा बाली आशियाच्या भूमीला जोडले गेले होते. लोम्बोकची सामुद्रधुनी मात्र खोल असल्याने तेव्हाही पाण्याखालीच राहिली. या सीमेला आजही 'वॉलेस रेषा' म्हणतात.

श्रेय डार्विन यांनाच का मिळाले?

फेब्रुवारी १८५८ मध्ये मोलुक्का बेटांवर वॉलेस हिवतापाने फणफणले होते. थंडी वाजून अंथरुणात पडले असताना त्यांना माल्थस यांचा लोकसंख्येवरील निबंध आठवला. जन्माला येणारे सगळेच जीव जगत नाहीत. मग जगतात कोण? परिस्थितीला अधिक अनुकूल असलेले. त्यांचे गुण पुढच्या पिढीत उतरतात आणि हळूहळू जाती बदलत जातात. ताप उतरल्यावर त्यांनी हे लिहून काढले आणि डार्विन यांना पाठवले.

जूनमध्ये ते टपाल उघडताच डार्विन हादरले. हाच विचार ते जवळपास वीस वर्षे जवळ बाळगून होते, पण त्यांनी तो छापला नव्हता. लायेल आणि हुकर या मित्रांनी मार्ग काढला. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचेही लेखन एकत्र वाचले गेले. आधी डार्विन यांचे, नंतर वॉलेस यांचे. टपालाला काही महिने लागत असल्याने वॉलेस यांना कुणी विचारलेही नव्हते. पुढच्याच वर्षी डार्विन यांचा प्रसिद्ध ग्रंथ आला आणि सिद्धान्ताला त्यांचे नाव चिकटले. वॉलेस यांनी मात्र कधी कुरबुर केली नाही. १८८९ मध्ये त्यांनी स्वतःच्या पुस्तकालाही 'डार्विनिझम' असेच नाव दिले.

सपाट पृथ्वीची पैज काय होती?

जॉन हॅम्पडेन या गृहस्थांनी १८७० मध्ये जाहीर आव्हान दिले. पाण्याचा पृष्ठभाग वक्र असल्याचे सिद्ध करणाऱ्याला ५०० पौंड मिळणार होते. पैशांची चणचण असलेल्या वॉलेस यांनी आव्हान स्वीकारले.

इंग्लंडमधील ओल्ड बेडफोर्ड कालव्याचा सहा मैलांचा सरळ पट्टा निवडण्यात आला. एका टोकाच्या पुलावर दुर्बीण, दुसऱ्या टोकाच्या पुलावर खूण आणि बरोबर मध्ये खांबावर तबकडी. तिन्ही पाण्यापासून सारख्याच उंचीवर. पाणी सपाट असेल तर तिन्ही एका रेषेत दिसायला हवेत. पृथ्वी गोल असेल तर मधली तबकडी वर उचललेली दिसेल. गणितानुसार हा फरक सुमारे १.८ मीटर येतो. हवेत प्रकाशकिरण वाकत असल्याने तो प्रत्यक्षात थोडा कमी भरतो. ५ मार्च रोजी दुर्बिणीतून पाहिले तेव्हा तबकडी स्पष्टपणे वर दिसली. मुख्य पंच जॉन वॉल्श यांनी निकाल वॉलेस यांच्या बाजूने दिला.

जिंकूनही नुकसान कसे झाले?

हॅम्पडेन यांच्या पंचाने त्याच दुर्बिणीतून तेच दृश्य पाहिले आणि पृथ्वी सपाट असल्याचे सिद्ध झाले, असा उलटा दावा केला! पुढे जवळपास १५ वर्षे हॅम्पडेन यांनी वॉलेस यांच्यावर फसवणुकीचे आरोप केले. परिचितांना बदनामीची पत्रे पाठवली, वॉलेस यांच्या पत्नीलाही धमकीचे पत्र धाडले. त्यांना तुरुंगवास झाला, पण पत्रे थांबली नाहीत. शेवटी न्यायालयाने पैजच अवैध ठरवून रक्कम परत करायला लावली. कोर्टकचेरीचा खर्च वॉलेस यांच्याच माथी बसला.

पुरावे मानणारे वॉलेस स्वतः कुठे चुकले?

१८६५ पासून वॉलेस मृतात्म्यांशी संवादाच्या बैठकांना जाऊ लागले आणि त्यावर त्यांचा विश्वास बसला. मानवी बुद्धी केवळ नैसर्गिक निवडीतून घडलेली नाही, असे ते १८६९ पासून म्हणू लागले. डार्विन यांना याचा मोठा धक्का बसला. १८७६ मध्ये हेन्री स्लेड या आत्म्यांच्या 'माध्यमा'वर फसवणुकीचा खटला चालला. वॉलेस यांनी त्याच्या बाजूने साक्ष दिली, तर डार्विन यांनी फिर्यादी पक्षाला गुपचूप दहा पौंड पाठवले. देवीच्या सक्तीच्या लसीकरणालाही वॉलेस यांनी आकडेवारीच्या आधारे विरोध केला. त्याच देवीचे पुढे लसीमुळेच जगातून उच्चाटन झाले.

प्रामाणिकपणा आणि बुद्धी या दोन्ही गोष्टी असूनही माणूस आपल्याला पटलेल्या बाजूचेच पुरावे वेचत जातो. हॅम्पडेन यांना जे दिसले नाही, तसेच काहीसे वॉलेस यांचेही झाले.

अखेरची वर्षे कशी गेली?

फसलेल्या गुंतवणुकींमुळे वॉलेस अडचणीत होते. मतभेद बाजूला ठेवून डार्विन यांनीच खटपट केली आणि १८८१ मध्ये त्यांना वर्षाला २०० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन मिळवून दिले. पुढच्या वर्षी डार्विन गेले, तेव्हा शवपेटीला साथ देणाऱ्या मानकऱ्यांमध्ये वॉलेस होते. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सिद्धान्ताचे श्रेय वाटून घेतलेले हे दोघे शेवटपर्यंत मित्र राहिले. पृथ्वी सपाट असल्याचा दावा मात्र आजही मोबाइलच्या स्क्रीनवर फिरतोच आहे.