वसईचा दुभाषा आणि पहाऱ्यातला नाताळ

डिसेंबर लागला की आपल्या वसईत गावोगावी गोठे उभे राहू लागतात. कुठे ओटीवर, कुठे अंगणात, कुठे चौकात, माती, गवत, बांबू आणि रंगीत कागद यांतून बेथलेहेम साकारते. घराघरांत करंज्या तळल्या जातात, दारात चांदणी लागते आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला सारा गाव लोटतो. या सणाला आपण नाताळ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांच्या जहाजातून आला आणि मराठीत पुरता मुरला. तोच शब्द सोळाव्या शतकात जपानलाही पोहोचला. तिथले ख्रिस्ती लोक त्याला ‘नातारा’ म्हणू लागले. त्याच समुद्रमार्गाने वसईचा एक मुलगाही जपानला गेला होता. तो मुलगा म्हणजे संत गोन्सालो गार्सिया.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली. पुढे १५५६ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले आणि वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबरच ते जपानला गेले. आज त्या वयात आपण दहावीची परीक्षा देतो!

तिथे ते जपानी भाषा शिकले. नुसती बोलण्यापुरती नव्हे, तर धर्मशिक्षण देता येईल इतकी. सुमारे आठ वर्षे त्यांनी हे काम केले. येशूसंघात आपल्याला घ्यावे ही त्यांची फार इच्छा होती; ती पुरी झाली नाही. मग ते व्यापारात पडले. व्यापार चांगला चालला, पण मन रमेना. शेवटी फिलिपिन्समधील मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे धर्मबंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरू ते कधीच झाले नाहीत.

नाताळच्या दृष्टीने हा संघ महत्त्वाचा आहे. त्याचे संस्थापक संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचो या गावी खरी गव्हाण, खरा बैल आणि खरे गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभारला होता. आपल्या गोठ्यांची परंपरा तिथपर्यंत पोहोचते. मनिलाच्या बाजूला आजही नाताळापूर्वी नऊ दिवस पहाटेच्या मिस्सा होतात.

१५९३ साली फिलिपिन्सच्या गव्हर्नरने पेद्रो बाप्तिस्ता या धर्मगुरूंना जपानचे सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी यांच्याकडे वकील म्हणून पाठवले. बरोबर दुभाषा हवा होता. ते काम गोन्सालो यांच्याकडे आले. ज्यांच्या धाकाने सारा जपान दबून होता, त्यांच्यासमोर वसईचा हा माणूस त्यांच्याच भाषेत बोलत होता. पुढे या मंडळींनी क्योटो येथे मठ आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली. ओसाका येथे त्यांनी जो छोटा मठ स्थापन केला, त्याचे नाव बेथलेहेम होते.

ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यावरचा माल जप्त झाला. धर्मगुरूंच्या मागोमाग स्पेनचे सैन्य येईल, असा संशय हिदेयोशींच्या मनात बळावला आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मठाभोवती पहारे बसले. म्हणजे त्या वर्षीचा नाताळ गोन्सालो यांनी पहाऱ्यातच काढला. पाठोपाठ जानेवारीच्या आरंभी कैद्यांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापून त्यांची धिंड काढण्यात आली. नंतर ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. तेथील निशिझाका टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर चढवून मारण्यात आले. त्यांत वीस जपानी होते. फ्रान्सिस्कन सहा, पैकी चार स्पेनचे, एक आपल्या वसईचा आणि एक फेलिपे नावाचा तरुण मेक्सिकोचा. फेलिपे यांच्या देशात नाताळापूर्वीच्या नऊ संध्याकाळी लोक मारिया आणि योसेफ बनून दारोदार आसरा मागत फिरतात. या सव्वीस जणांना ८ जून १८६२ रोजी संतपद देण्यात आले. गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत ठरले.

पण मला त्यापुढचा इतिहास अधिक हलवून टाकतो. १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. चर्च गेली, धर्मगुरू गेले. नागासाकीत पुन्हा चर्च बांधले गेले ते १८६५ साली, आणि ते याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने. त्या वर्षीच्या मार्चमध्ये जवळच्या उराकामी गावचे काही शेतकरी तिथे आले आणि आपणही याच श्रद्धेचे असल्याचे त्यांनी फ्रेंच धर्मगुरूंना हळूच सांगितले. थंडीच्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी आपण प्रभुजन्म पाळतो, हेही सांगितले. अडीचशे वर्षे धर्मगुरू नाही, घंटा नाही, दारात चांदणी लावायची सोय नाही. फक्त आईने मुलीला आणि बापाने मुलाला तोंडी सांगितलेला दिवस! आजच्या जपानमध्ये नाताळ म्हणजे स्ट्रॉबेरीचा केक, रोषणाई आणि १९७४ च्या जाहिरातीपासून रूढ झालेले तळलेले चिकन. त्या झगमगाटाखाली ही मूक परंपरा आहे, हे आपण विसरू नये.

गास गावचे चर्च गोन्सालो यांच्या नावाचे आहे, किल्ल्यातील जुने चर्चही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आपण त्यांना क्रुसावरचे हुतात्मे म्हणून वंदन करतो, ते योग्यच आहे. तरीही मला त्यांच्यातला दुभाषा अधिक जवळचा वाटतो. घरची बोली एक आणि पुस्तकाची भाषा दुसरी, अशा घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वर्गात ऐकलेले घरी आपल्या बोलीत सांगताना शब्द शोधावे लागतात, आणि त्या वेळी गोन्सालो यांनी परक्या मुलखात काय साधले हे थोडे कळते. ज्याला हव्या त्या संघाचे दार उघडले नाही, जो कधी वेदीवर उभा राहिला नाही, त्याने दुसऱ्यांची भाषा मात्र जिवाभावाने आपली केली. उराकामीच्या शेतकऱ्यांनी जपलेला दिवसही अशाच कुणी ना कुणी त्यांच्या भाषेत त्यांना सांगितलेला होता.