दहा कोटी पावले चाललेले विनोबा आणि आजचा टाचदुखीचा इलाज

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेत कळ येते. थोडे चालल्यावर ती ओसरते, संध्याकाळी पुन्हा डोके वर काढते. तळपायाचा जाड पट्टा किंवा पोटरीला टाचेशी जोडणारी शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, यांना सवय नसलेला भार अचानक पडला की हे दुखणे जडते. सवयीचा भार किती वाढू शकतो, हे पाहायचे तर वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबा भावे यांच्याकडे वळावे लागते.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातल्या गागोदे गावी झाला. बालपण तिथे आणि पुढची वर्षे बडोद्यात गेली. १९१६ मध्ये ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले आणि १९२१ मध्ये वर्ध्याचा आश्रम सांभाळायला आले. १९३८ पर्यंत प्रकृती पार ढासळली होती. गांधीजींनी हवापालटाचा आग्रह धरला, तेव्हा विनोबांनी थंड हवेचे ठिकाण नव्हे, तर धाम नदीकाठचा जमनालाल बजाज यांचा पवनारचा बंगला निवडला. तिथे त्यांनी कुदळ हाती घेतली. सुरुवातीला थोडे, मग हळूहळू जास्त, असे रोज खणता खणता तब्येत सुधारली आणि वजनही वाढले. पुढे सफाईसाठी ते खांद्यावर फावडे टाकून शेजारच्या सुरगावला रोज पायी जात.

म्हणजे ८ मार्च १९५१ रोजी सर्वोदय संमेलनासाठी ते पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीकडे पायी निघाले, तेव्हा वय ५५ असले तरी पाय नवखे नव्हते. परतीच्या वाटेआधी तेलंगणात फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत १०० एकरांचे पहिले दान मिळाले आणि भूदान सुरू झाले. पुढची तेरा वर्षे पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन चालणे चालूच राहिले. हे अंतर सुमारे ७० हजार किलोमीटर सांगितले जाते. एक पाऊल ७० सेंटिमीटरचे धरले, तर दहा कोटी पावले होतात. चालताना अकिलीस टेंडनवर शरीराच्या वजनाच्या काही पट ताण येतो, हे लक्षात घेतले की या आकड्याचे वजन कळते.

फिजिओथेरपीत टाचदुखीचा पाया हाच आहे: भार तोडायचा नाही, मोजून वाढवायचा. अकिलीससाठी पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम साधारण १२ आठवडे करतात. तळपायाच्या पट्ट्यासाठी ताण देणारे व्यायाम आणि मऊ टाचेची पादत्राणे असतात. बहुतेकांना वर्षभरात यानेच उतार पडतो. घाई मात्र नडते.

सहा महिने नेटाने करूनही फरक नसेल, तर कमी चिरफाडीचे उपचार येतात. शॉकवेव्हमध्ये त्वचेबाहेरून ध्वनिलहरींचे ठोके देतात. कापाकापी नाही, काही बैठका लागतात. रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या पीआरपीचे इंजेक्शन खूप चर्चेत आहे, पण अकिलीससाठी त्याचे पुरावे कमजोर आहेत. तळपायात स्टिरॉइडने काही आठवडे आराम पडतो. अकिलीस टेंडनमध्ये ते टोचणे टाळतात, कारण शीर तुटण्याचा धोका असतो. सोनोग्राफीत पाहून सुईने खराब भागावर काम करणे किंवा दुर्बिणीतून पट्ट्याचा थोडा भाग मोकळा करणे, हे त्यानंतरचे टप्पे. मधुमेह असेल तर कुठल्याही सुईआधी डॉक्टरांना सांगावे. सेवाग्राम आणि सावंगी मेघे इथल्या मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत अस्थिरोग विभाग आहेत.

औषधाबाबत विनोबा हट्टी होते. १९५२ च्या डिसेंबरात बिहारमधल्या चांडिलला मलेरियाने ते मरणाच्या दारात पोहोचले, तरी औषध नाकारत होते. इतरांच्या आग्रहानंतरच त्यांनी ते घेतले, बरे झाले आणि पुन्हा चालू लागले. १९६४ च्या एप्रिलमध्ये ते पवनारला परतले. पुढच्या वर्षी बिहारच्या तूफान यात्रेला मात्र त्यांनी वाहन घेतले. वय सत्तरीला आले होते. १९७० पासून ते पवनारमध्येच राहिले. १९८२ च्या नोव्हेंबरात त्यांनी अन्न आणि औषध दोन्ही सोडले आणि १५ तारखेला धामच्या काठी देह ठेवला.