बाबासाहेब आणि बक्षीस मिळालेले एक पुस्तक

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावर काहीतरी लिहा, असे कार्यकारिणीने आम्हाला सांगितले तेव्हा आम्ही विचारात पडलो. महू, महाड, नाशिक, पुणे, नागपूर हे सगळे आपल्या वस्तीतल्या लहान पोरालासुद्धा पाठ आहे. तेच पुन्हा गिरवण्यापेक्षा बाबासाहेबांनी पुस्तकांचे आणि पुस्तके देणाऱ्यांचे उपकार कसे मानले, तेवढेच सांगावे असे आम्ही ठरवले.

पुस्तकाचे वेड त्यांना लागले ते वडिलांमुळे. सुभेदार रामजी पेन्शनीत निघालेले. मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच, उशाशी जाते आणि जवळच बकरी बांधलेली. रात्री दोनला वडील भीमाला उठवीत आणि मग तो दिव्याशी अभ्यासाला बसे. मुलाने पुस्तक मागितले आणि हातात पैसा नसला की सुभेदार लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना मागून आणीत, मारवाड्याकडे गहाण ठेवीत आणि पुस्तक घेऊन घरी येत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत. आमच्या चाळीतही दागिने गहाण पडताना आम्ही पुष्कळ पाहिले. आजारपणासाठी, लग्नासाठी, कधी दारूसाठीसुद्धा. पुस्तकासाठी दागिना गहाण ठेवणारा बाप मात्र आम्ही फक्त याच चरित्रात पाहिला.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकायचे होते, पण अस्पृश्याच्या मुलाला ते शिकवीनात. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या कष्टाने मिळवले आणि त्याच संस्कृत ग्रंथांची उलटतपासणी केली. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तिथे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर पडली. केळुसकर हे शिक्षक आणि लेखक. गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केले होते. महाराचे पोर एवढे वाचते हे पाहून ते त्याला आपली पुस्तके देऊ लागले.

भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. वस्तीत सत्कार झाला आणि त्यात केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, असे चरित्रकार लिहितात. बाबासाहेब स्वतः मात्र हा सत्कार इंग्रजी चौथी पास झाल्यानंतरचा सांगतात. साल कुठलेही असो, पुस्तक हातात आले हे खरे. ते वाचून मुलगा हलला. घरात रामायण-महाभारताचे वाचन रोज चाले. आता त्याने वडिलांनाच विचारले की बौद्ध वाङ्मयाची ओळख तुम्ही आम्हाला का करून दिली नाही? वडिलांचे म्हणणे असे की द्रोण, कर्ण ही लहान स्थितीतून मोठी झालेली माणसे, त्यांच्या गोष्टी वाचून आपल्या माणसाच्या मनातला कमीपणा जातो. मुलाचे त्याने समाधान झाले नाही. आमच्या मते धम्मदीक्षेची पहिली ठिणगी इथे पडली. नागपूरला १९५६ उजाडायला अजून पन्नासएक वर्षे होती.

पुढे केळुसकरांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बी.ए. पुरे झाले. मग १९१३ साली महाराजांच्याच मदतीने अमेरिका, कोलंबिया विद्यापीठ. तिथे पोटाला चिमटा घेऊन जुन्या बाजारातून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. १९१६ ला ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान दुसऱ्या बोटीत होते. ती बोट टॉर्पेडोने बुडवली आणि पुस्तके समुद्रात गेली. नुकसानभरपाईचे जे पैसे हाती आले त्यांतूनच बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याचा खर्च निघाला.

बडोद्यात काय झाले ते सर्वांना माहीत आहे. एवढा शिकलेला माणूस, पण राहायला खोली कोणी देईना. शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नावाने राहिले. वर एक मोठे दालन, अडगळीने भरलेले, रात्री कंदिलाचा मिणमिणता उजेड, बोलायला माणूस नाही. त्या एकटेपणात त्यांनी पुस्तकांचा आसरा घेतला, वाचत सुटले. आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली पारशी माणसे आली आणि त्यांना तिथून निघावे लागले. बंधू-भगिनींनो, हा प्रसंग आपण अपमान म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण कंदिलाजवळ उघडे असलेले पुस्तक सांगायचे विसरतो.

१९२० ला परत लंडन. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसच्या दिवस बसून १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि त्याच्या ग्रंथालयात जातीने लक्ष घातले.

आता ऋणाची गोष्ट. ग्रंथाच्या पहिल्या पानावर कोणाचे नाव घालायचे याबाबत बाबासाहेब फार काटेकोर होते. १९२३ चा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीला. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा १९२५ चा ग्रंथ सयाजीराव महाराजांना, शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल. पाकिस्तानवरचा ग्रंथ रमाईला. शूद्रांवरचा १९४६ चा ग्रंथ जोतीराव फुल्यांना. अस्पृश्यांवरचा १९४८ चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना. देणेकऱ्यांची वहीच म्हणा ना.

या वहीत केळुसकर गुरुजींचे नाव कुठे? ते शेवटी आले. १९५१ पासून बाबासाहेब बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ लिहीत होते. शरीर साथ देत नव्हते, दृष्टी अधू झाली होती, पाय दुखत होते, साखरेच्या आजाराने पोखरले होते. ६ एप्रिल १९५६ तारखेच्या प्रस्तावनेत त्यांनी आपण बुद्धाकडे कसे वळलो ते लिहिले. त्यात परळची खोली आहे, वडील आहेत, सत्काराचा विरोध आणि मग होकार आहे, आणि पुस्तक देणारे केळुसकर आहेत. एवढा मोठा घटनाकार, पण लहानपणी मिळालेले एक पुस्तक विसरला नाही.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीत २६, अलीपूर रोडच्या घरी त्यांनी ही प्रस्तावना पुन्हा हातावेगळी करायला मागवून घेतली होती. त्याच रात्री झोपेत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

ग्रंथ १९५७ साली निघाला, पण ही प्रस्तावना त्यात आली नाही. आपल्या घराघरांत तो ग्रंथ आहे, वर्षावासात आपण त्याचे वाचन करतो, काही घरांत तर त्याला फक्त हार घातला जातो आणि पाने कोरीच राहतात, हे बोलून दाखवले तर राग येईल, पण खोटे नाही. ज्या पानावर बाबासाहेबांनी त्या जुन्या पुस्तकाचे उपकार मानले ते पान मात्र कितीतरी वर्षे आपल्या माणसाला वाचायलाच मिळाले नाही. दिल्लीचे भगवान दास यांनी १९८० साली ते छापून लोकांसमोर आणले. केळुसकर गुरुजी १९३४ सालीच गेले होते.