जेम्स बुलो लॅन्सिंग
जेम्स बुलो लॅन्सिंग (१४ जानेवारी १९०२ – सप्टेंबर १९४९) हे अमेरिकन ध्वनिवर्धक-निर्माते होते. त्यांचे मूळ आडनाव मार्टिनी. १९२७ मध्ये केन डेकर यांच्यासह त्यांनी लॉस एंजेलिस येथे कंपनी स्थापन केली. १९३९ मध्ये डेकर विमान अपघातात निवर्तले. त्यांच्या पश्चात आर्थिक व्यवहार सावरणे लॅन्सिंग यांना जमले नाही. १९४१ मध्ये ती कंपनी विकली गेली. १९४६ मध्ये त्यांनी नवी कंपनी काढली. तिच्या डी-१३० या १५ इंची ध्वनिवर्धकात कागदी शंकूला कंपित करणारी व्हॉइस कॉइल तब्बल ४ इंच व्यासाची होती. मात्र कंपनी कर्जात बुडाली आणि लॅन्सिंग यांनी आत्महत्या केली. विम्याची रक्कम व विल्यम थॉमस यांचे नेतृत्व यांमुळे कंपनी तरली. लॅन्सिंग यांच्या आद्याक्षरांवरून ती पुढे ‘जेबीएल’ या नावाने घरोघरी पोहोचली.